चालून वजन उतरतं का? आकडे, चढ, वाळू आणि ताटातलं शीत

सातपाकळी
पणजीत कांपालच्या नदीकाठी किंवा मिरामारला पहाटे गेलं की एक तक्रार हमखास ऐकू येते: रोज पाऊण तास चालतो, चार महिने झाले, काटा जागचा हलत नाही. दुसऱ्या बाजूला ‘वजन सगळं खाण्यावर, चालून काही होत नाही’ असं ठासून सांगणारे आहेत. दोन्हींकडून आकडे मात्र कोणी देत नाही. इथे ह्या विषयातली माहिती असलेली मंडळी आहेत म्हणून धागा काढते. साधारण ८० किलो वजनाचं, बसून काम करणारं माणूस धरा. त्याने किती चाललं तर किती उतरेल? चढ, वाळू, जिने ह्यांनी फरक पडतो का? आणि पावसाळ्याचे चार महिने काय करायचं? कृपया ‘रोज चाला, निरोगी राहा’ एवढ्यावर थांबू नका.

रापण
हिशेबापासून सुरुवात करू. पुढे कॅलरी म्हटलं की किलोकॅलरी समजा.

सपाट रस्त्यावर ताशी ५ किमी वेगाने चालताना शरीर स्वस्थ बसल्यापेक्षा साडेतीन पट ऊर्जा वापरतं. स्वस्थ बसलं तरी किलोमागे ताशी सुमारे १ कॅलरी जातेच, म्हणून चालण्याच्या खात्यावर अडीच पटच धरायची. ८० किलो × २.५ × पाऊण तास = १५० कॅलरी. अंतर पावणेचार किमी.

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. १५० ने भागा: ५१ दिवस. म्हणजे रोज पाऊण तास, एकही खाडा न करता, आणि खाण्यात कणभरही वाढ न होता, महिन्याला ६०० ग्रॅमच्या आसपास. काट्यावर जाणवायला दीड-दोन महिने लागणार, आणि तेही सगळं जुळून आलं तर.

मनगटावरचं घड्याळ ह्याच चालण्याला २१० किंवा त्याहून जास्त दाखवतं, कारण बसून जाणारी ऊर्जाही ते त्यात धरतं. शिवाय स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली सात मनगटी यंत्रं तपासली तेव्हा हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले, पण कॅलरीत सगळ्यात अचूक यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. त्या आकड्यावर विसंबून न्याहारी ठरवू नका.

तांबडी_माती
रापण बाबांचा हिशेब बरोबर आहे, फक्त ‘खाण्यात वाढ न होता’ ही अट प्रत्यक्षात पाळली जात नाही, आणि चार महिन्यांच्या तक्रारीचं मूळ तिथेच आहे.

चालून आल्यावर पातळभाजी, दोन पाव आणि एक बन. पांढऱ्या पावात १०० ग्रॅमला २६५ च्या आसपास कॅलरी असतात, बन तर तळलेला. चालण्याचे १५० टेबलावरून उठायच्या आधीच परत आलेले असतात. माणूस लबाडी करत नाही, भूक खरीच लागलेली असते.

दुसरी भरपाई हालचालीतून होते. सकाळी चाललो म्हणून दिवसभर लिफ्ट, कोपऱ्यावरच्या दुकानाला स्कूटर, दुपारी तासभर आडवं. हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा शिकारी लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला (२०१२). ते दिवसभर पायी फिरतात, तरी शरीराच्या आकारमानाचा हिशेब केल्यावर त्यांचा एकूण खर्च शहरी माणसांइतकाच निघाला. हालचाल वाढली की शरीर दुसरीकडे थोडी काटकसर करतं, असा त्यांचा निष्कर्ष. ही काटकसर किती, ह्यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण कागदावरच्या १५० पैकी पूर्ण १५० पदरात पडत नाहीत हे धरून चाला.

उकडे_शीत
मग चालायचंच कशाला? ताटातून १५० काढणं सोपं. ताटभर उकड्या तांदळाचं शीत ३५० ग्रॅम सहज होतं, १०० ग्रॅम शिजलेल्या भाताला १३० प्रमाणे ४५५ कॅलरी. २०० ग्रॅमवर आणलं तर २६०. एका जेवणात १९५ वाचले, पाऊण तासाच्या चालण्यापेक्षा जास्त, आणि घामही नाही.

तांबडी_माती
वजन *उतरवायला* ताट जास्त उपयोगी, ह्यावर माझंही तेच म्हणणं. पण चालण्याचं काम तीन ठिकाणी आहे, आणि ती तिन्ही ताटाने होत नाहीत.

पहिलं, पोटाच्या आतली चरबी. यकृत आणि आतड्यांभोवतीची ही चरबी नियमित व्यायामाने कमी होते, कधी कधी काट्यावर काहीच न दिसता. म्हणून कंबर मोजायची: शेवटची बरगडी आणि कटीच्या हाडाचा वरचा काठ ह्यांच्या बरोबर मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. भारतीयांसाठी पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी ही धोक्याची रेघ. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे अशी ठेवण जास्त, म्हणून बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याची) रेघही खाली धरतात: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा.

दुसरं, उतरलेलं वजन परत न चढणं. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालते. निदान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांनाच तीत घेतात. त्यातले बहुसंख्य रोज तासाभराच्या आसपास व्यायाम करतात, आणि सगळ्यात जास्त लोक निवडतात ते साधं चालणं.

तिसरं, भुकेवरचा ताबा. ज्यां मेयर ह्यांनी १९५६ साली पश्चिम बंगालमधल्या ताग गिरणीतल्या कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. अंगमेहनतीची कामं करणारे गरजेपुरतंच खात होते. बैठी कामं करणारे मात्र मेहनत करणाऱ्यांइतकं, काही तर त्याहून जास्त खात होते, आणि वजनही त्यांचंच जास्त होतं. अगदी बैठ्या आयुष्यात भूक आणि गरज ह्यांचा मेळ सुटतो.

माडाची_सावली
कसं चालायचं ह्यावर लिहिते, कारण नदीकाठी दिसणारं बरंचसं चालणं गप्पांच्या वेगाचं असतं, ताशी साडेतीन-चार किमी.

वेग मोजायला यंत्र नको. १५ सेकंदांत पावलं मोजा. २५ भरली म्हणजे मिनिटाला १००, मध्यम व्यायामाची ही खालची पायरी. ३० भरली तर खरं झपाट्याचं चालणं. दुसरी खूण श्वासाची: वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग बरोबर. वाढवायचा असेल तर पावलं लांब टाकू नका. टाच पुढे आपटते आणि नडगी दुखायला लागते. पावलं आखूड ठेवून संख्या वाढवा, कोपर वाकवून हात मागे न्या, पाय आपोआप मागोमाग येतात.

एकाच वेगाचा कंटाळा येत असेल तर जपानच्या शिन्शू विद्यापीठातली पद्धत घ्या: ३ मिनिटं जोरात, ३ मिनिटं सावकाश, असे ५ फेरे, आठवड्यातून निदान ४ दिवस. त्यांच्या २००७ च्या अभ्यासात मध्यमवयीन आणि वृद्धांच्या मांड्यांची ताकद आणि दम दोन्ही वाढले, रक्तदाब उतरला. जोरात म्हणजे तिसऱ्या मिनिटाला ‘आता पुरे’ वाटेल इतपत.

आणि दहा हजार पावलांचा बाऊ नको. तो आकडा १९६५ साली जपानात विकायला आलेल्या पाऊलमापकाच्या नावातून आला, प्रयोगशाळेतून नाही. सध्या रोज ३५०० होत असतील तर दोन आठवडे ४५०० करा, मग पुढचे हजार.

रापण
चढाचा हिशेब. ८० किलोचं शरीर १० मीटर उंच नेलं की सपाटीच्या खर्चावर साधारण ७ ते ८ कॅलरी वर लागतात. पणजीची आल्तिनो, म्हापशाची आल्तिनो, मडगावची मोंते टेकडी, जिथे असाल तिथला चढ धरा. ४० मीटरचा चढ तीनदा चढलात तर ९० कॅलरी वर पडल्या, तेवढ्याच वेळात. उतरताना मात्र गुडघ्यांवर भार येतो: पावलं आखूड, गुडघे किंचित वाकलेले, ब्रेक मारल्यासारखं टाच रोवत उतरायचं नाही.

वाळू: कोरड्या भुसभुशीत वाळूत तोच वेग राखला तर खर्च दुपटीच्याही पुढे जातो, कारण पाऊल मागे सरकतं आणि ढकललेली ताकद वाळूतच मुरते. पण ‘तोच वेग’ कोणी राखत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष फायदा कमी.

माडाची_सावली
वाळूवर एक महत्त्वाचं राहिलं. किनारा पाण्याकडे उतरता असतो. भरतीच्या वेळी अरुंद तिरप्या पट्ट्यावर चाललं की एक पाय सतत खाली, दुसरा वर. घोटा आणि मांडीच्या बाहेरची बाजू दुखते ती ह्यामुळे. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी जा, ओली घट्ट वाळू रुंद आणि जवळजवळ सपाट मिळते. परत त्याच रेषेने या, म्हणजे दोन्ही पायांना सारखी पाळी येते.

अनवाणी चालायचं तर पहिल्या आठवड्यात १० मिनिटंच, मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. एकदम तासभर अनवाणी केलं की सकाळी अंथरुणातून उतरताना टाचेत कळ येते, आणि ते दुखणं महिनोन्महिने जात नाही. टाच आधीच दुखरी असेल तर बूट घालूनच.

गावात राहणाऱ्यांना खाजनाचे (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीचे) बांध उत्तम: सपाट, मऊ माती, वाहनं नाहीत. पावसात मात्र तेच बांध निसरडे. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरची वाहनं दिसतील असं चाला, पहाटेच्या अंधारात फिकट कपडे घाला.

सातपाकळी
पावसाळ्याचं सांगा ना. जून ते सप्टेंबर सगळंच बंद पडतं, आणि मे महिन्यात घामाने जीव जातो. घाम जास्त म्हणजे चरबी जास्त जळते का?

उकडे_शीत
घाम म्हणजे पाणी. तासाभरात अर्धा-एक किलो घाम जाऊ शकतो, पाणी प्यायलात की परत येतो. मे महिन्यात आपल्या हवेत दमटपणा इतका की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही, ठोके वाढतात, दम लवकर लागतो. सहा ते सात ही वेळ गाठा, वेग थोडा उतरवा. पोटाला प्लास्टिकचे पट्टे गुंडाळून चालणं तर बंदच करा. चरबीवर त्याचा काही परिणाम नाही, उष्माघाताला मात्र आमंत्रण.

रापण
पावसाळ्यात जिने. ३ मीटरचा एक मजला चढायला ८० किलोच्या माणसाला साधारण अडीच कॅलरी. ४० मजले म्हणजे १००. तीन मजली इमारतीत तेरा-चौदा फेऱ्या, सुमारे २० ते २५ मिनिटं. सुरुवात ५ फेऱ्यांनी, पूर्ण पाऊल पायरीवर टेकवून, कठडा हाताशी. गुडघे कुरकुरत असतील तर चढा जिन्याने, उतरा लिफ्टने. जिना नसेल तर बाल्कनीत किंवा सभागृहात १०-१० मिनिटांचे तीन तुकडे. एकत्र अर्धा तासच हवा असा नियम नाही.

जेवणानंतरची १५ मिनिटं तर पावसातही घरातल्या घरात जमतात. रात्रीच्या जेवणानंतर रक्तातली साखर उसळते ती ह्याने बरीच बसते. काम करणारे स्नायू ती थेट ओढून घेतात.

तांबडी_माती
अजून कोणी ताकदीच्या व्यायामावर बोललं नाही, आणि नुसतं चालणाऱ्यांची चूक इथेच होते. खाणं कमी केलं की उतरलेल्या वजनात साधारण पाव वाटा चरबीखेरीजचा, त्यात बराचसा स्नायूंचा असतो. ते वाचवायला आठवड्यातून दोन दिवस हे करा, घरात, २५ मिनिटांत:

खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, १० वेळा. भिंतीला हात टेकून ढकलणं, १० वेळा (सोपं झालं की ओट्याला टेकून). पाठीवर झोपून, गुडघे मुडपून, कंबर वर उचलणं, १२ वेळा, वर दोन सेकंद थांबून. पाठपिशवीत ५ किलो तांदूळ भरून, कमरेत वाकून, पाठ सरळ ठेवून, पिशवी पोटाकडे ओढणं, १० वेळा. प्रत्येकाचे ३ फेरे, मध्ये मिनिटभर विश्रांती. जोर लावताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. रोखला की रक्तदाब उसळतो. १२ वेळा सहज जमलं की तांदूळ किलोभराने वाढवा. तेच वजन सहा महिने उचललं तर स्नायूला सुधारायचं कारणच राहत नाही.

पोटाच्या व्यायामाने पोटाची चरबी जात नाही. पोटाचे स्नायू घट्ट होतात, वरची चरबी मात्र सगळ्या अंगातून मिळून उतरते.

उकडे_शीत
ताटाचं पूर्ण करतो. नारळाच्या ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला ३५० च्या घरात कॅलरी. चौघांच्या हुमणात (माशांच्या आमटीत) २०० ग्रॅम वाटलं तर माणशी १७५. १२० ग्रॅमवर आणलं तर १०५. चव टिकवायला वाटणात भाजलेला कांदा, धणे आणि आंबसोल वाढवा. नुसतं पाणी वाढवलं की हुमण फाटल्यासारखं लागतं आणि दुसऱ्या दिवशी घरात कोणी खात नाही. खोबऱ्याचं वाटण गाळून नुसता रस वापरला म्हणून फार वाचत नाही, स्निग्धांश रसातच उतरतो.

तळलेली मासळी: रवा तेल धरून ठेवतो. तव्यात घातलेलं आणि उरलेलं तेल एकदा वजनकाट्यावर मोजा, फरक मासळीत गेला. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. बांगडा, तारले हुमणात घ्या, १०० ग्रॅममागे १९-२० ग्रॅम प्रथिनं मिळतात. वजन उतरवताना किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच).

आणि पेला. ६० मिली फेणीत नुसत्या मद्यार्काच्या १४० कॅलरी. ६५० मिलीची बिअरची बाटली २६० च्या आसपास. उर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) हलकी समजून लिमका घालून तीन-चार ग्लास होतात, त्यात साखर वेगळी. शनिवारच्या बिअरच्या दोन बाटल्यांनी आठवड्यातल्या साडेतीन दिवसांचं चालणं जातं.

सातपाकळी
आणि काटा अडकतो तेव्हा? पहिल्या दोन आठवड्यांत दोन किलो उतरतात, मग काहीच नाही, असंही पुष्कळ ऐकू येतं.

रापण
पहिले दोन किलो बहुतेक पाणी. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून असते, खाणं घटलं की दोन्ही जातं. उलट ताकदीचा व्यायाम नव्याने सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत पाणी धरतं आणि काटा आठवडा-दोन आठवडे वर जातो. किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर), सुका बांगडा, लोणचं असं खारट जेवण झालं तरी दुसऱ्या सकाळी अर्धा-एक किलो जास्त. म्हणून रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन करा आणि आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. बायकांनी मागच्या पाळीच्या त्याच टप्प्याशी.

खरा अडकलेला काटा वेगळा. ८० चे ७० झाले की हलकं शरीर रोज कमी खर्च करतं, किलोमागे दिवसाला साधारण २० ते २५ कॅलरी. दहा किलोंना २०० ते २५०. सुरुवातीला ३०० ची तूट देणारं तेच ताट आता ५० ते १०० ची देतं. तीन-चार आठवड्यांची सरासरी हलली नाही तर शीत पुन्हा काट्यावर ठेवा, कारण हात नकळत सैल होतो, आणि आठवड्याला चालण्याची ६० मिनिटं वाढवा. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ मध्ये दिलेला आकडाही तोच सांगतो: वजनात ठळक फरक हवा तर आठवड्याला २५० मिनिटांच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेची १५० ते ३०० मिनिटं सर्वसाधारण आरोग्यासाठी आहेत, त्यातला खालचा आकडा धरून वजनाची वाट बघत बसू नका.

माडाची_सावली
सुरू करण्याआधी काही जणांनी थांबायला हवं, ते लिहून ठेवते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी लांब चालल्यावर साखर एकदम उतरू शकते: हात कापतात, दरदरून घाम येतो, डोकं हलकं होतं. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा, १५ ग्रॅम लगेच घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि डोस बदलायचा का ते डॉक्टरांना विचारा. चालताना छातीत दडपण येऊन थांबल्यावर ते जात असेल, तर पुढचं चालणं तपासणीनंतरच. एका पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल तरीही आधी डॉक्टर.

गुडघ्याची झीज असेल तर चालणं सोडू नका, तुकडे करा, सपाटी निवडा, किंवा कांपालच्या जलतरण तलावात पोहा. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो, त्यामुळे पहिले तीन-चार किलो गेले की चालणंच सोपं होतं.

सातपाकळी
बरंच स्पष्ट झालं. आता चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आहे. नेवऱ्या (करंज्या), मोदक, खतखते (मिश्र भाज्यांचं), पाच दिवस पाहुणे. तेव्हा काय करायचं?

उकडे_शीत
त्या दिवसांत उतरवायचं मनात आणू नका, टिकवायचं ठेवा, ताई. नेवरी जेवणाबरोबर खा, मधल्या वेळी डब्यातून उचलून नको. जेवणात नेवरी असेल तर शीत निम्मं. आरतीनंतर आजूबाजूच्या घरी गणपती बघायला जायचंच असतं, तिथे स्कूटरऐवजी पायी जा. विसर्जनानंतर चार-पाच दिवस वजन करू नका, गोड आणि खारटाचं पाणी उतरू द्या.

माडाची_सावली
पायी जाताना चपला बघून घाला. चवथीला वाडीतल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, झिजलेल्या तळाची चप्पल त्यावर हमखास सरकते. तळाच्या खाचा नखाला लागत नसतील तर ती जोडी बदला.